सरगम दर वेळी ‘रे’वरच का तुटते? पाच तारांच्या बँजोवरची एक चिवट कटकट

तक्रार साधी आहे. बँजोवर मेलॉडिक पद्धतीने (ती काय ते पुढे सांगतो) सरगम वाजवायला घेतली की सा छान लागतो आणि पुढच्याच रेवर काहीतरी बिघडतं. कधी तो चढा लागतो, कधी अर्ध्यातच तुटतो, कधी बोटाला चढवलेली नखी तारेला लागतच नाही. घासूनपुसून ठीक केलं की आठ-दहा दिवस बरे जातात आणि परत तेच. गेल्या दोन वर्षांत हे माझं इतक्या वेळा झालं की शेजारच्या काकूंनी एकदा गॅलरीतून विचारलंच, “अरे, सकाळपासून सारे सारे काय लावून राहिला? पुढचं येत नाही का तुले?”

पुढचं येत होतं. रे येत नव्हता.

आधी वाद्याबद्दल, कारण नागपुरात बँजो म्हटलं की डोळ्यांपुढे वेगळंच काही येतं. महाल भागात बँजो पार्टीत वाजवणारा माझा एक मित्र आहे. त्याने माझं वाद्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, “हा कोणता बँजो होय बे? याले बटणं कुठं हायेत?” त्याचा बँजो म्हणजे बुलबुलतरंगाच्या घराण्यातला, १९१२ मध्ये जपानच्या नागोयात निघालेल्या ताइशोगोतोचा आपल्याकडे रुळलेला भाऊबंद. बटण दाबा, सूर घ्या. मी बोलतोय तो अमेरिकेतला पाच तारांचा बँजो: लांब दांडी, ढोलकीसारखी गोल चकती, तिच्यावर ताणलेला पडदा आणि पाचव्या फ्रेटपाशी, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या आडव्या पट्टीपाशी, दांडीच्या कडेलाच खुंटी असलेली आखूड पाचवी तार. उजव्या हाताची तीन बोटं चालतात. अंगठ्याला प्लॅस्टिकची नखी, तर्जनी आणि मधल्या बोटाला धातूची.

हे वाद्य ज्या तीन बोटांच्या ढंगाने जगभर ओळखलं जातं तो अर्ल स्क्रग्जचा. १९४५ मध्ये तो बिल मन्रोच्या ब्लूग्रास बँडमध्ये आला आणि बँजोचं नशीब पालटलं. त्याच्या ढंगात बोटं ठरावीक फेऱ्यांत फिरतात. चालीचे सूर त्या फेऱ्यांत अधूनमधून चमकतात आणि बाकीची जागा मोकळ्या तारा भरतात. पण एखादी धावती चाल सुरागणिक, एकही स्वर न गाळता वाजवायची तर हा ढंग अपुरा पडतो. त्यावर बॉबी थॉम्पसनने पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी आणि बिल कीथने साठीच्या सुरुवातीला आपापल्या परीने तोड काढली. कीथ १९६३ मध्ये मन्रोच्याच बँडमध्ये वाजवत होता. ती तोड म्हणजे मेलॉडिक स्टाइल. काही जण तिला आजही कीथ स्टाइल म्हणतात.

तिचा नियम एवढाच: लागोपाठचे दोन सूर एकाच तारेवर घ्यायचे नाहीत. स्वरमंडळ आठवा. तिथे प्रत्येक सुराला आपली तार असते, म्हणून पुढचा सूर छेडला तरी मागचा झंकारत राहतो. इथे तारा पाचच, तरी कान तोच झंकार मागतो. म्हणून एक सूर मोकळ्या तारेवर, पुढचा दुसऱ्याच तारेवर दाबून, त्यापुढचा परत मोकळा असं विणत जायचं.

पेटीवर हात बसलेल्या माणसाला या वाद्याची जुळणी पाहून आनंद होतो. नेहमीच्या जुळणीत पेटीच्या पांढरी पाचला (पाश्चात्त्य G) सा धरला की चौथी तार मंद्र, म्हणजे खालचा प, तिसरी सा, दुसरी ग, पहिली प आणि आखूड पाचवी तार सां, म्हणजे वरचा सा. म्हणजे सा, ग, प, सां या चार सुरांसाठी डाव्या हाताला कामच नाही. दाबायचे ते रे, म, ध, नी. बिलावलची, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांची, सरगम अशी पडते:

सा: तिसरी मोकळी
रे: चौथी, ७ वा फ्रेट
ग: दुसरी मोकळी
म: तिसरी, ५ वा
प: पहिली मोकळी
ध: दुसरी, ५ वा
नी: पहिली, ४ था
सां: पाचवी मोकळी

उजव्या हाताला तर्जनी, अंगठा, तर्जनी, अंगठा, मधलं, तर्जनी, मधलं, अंगठा. उतरताना हेच उलटं. कागदावर इतकं सरळ दिसतं की अडखळायला जागाच नाही असं वाटतं.

आता रेकडे नीट बघा. सा तिसऱ्या तारेवर वाजतो. रे त्याहून वरचा सूर, पण तो त्याहून जाड चौथ्या तारेवर, खाली सातव्या फ्रेटवर जाऊन घ्यायचा. सूर चढतो आणि हात मात्र जाड तारेकडे जातो. पेटीवर असं कधी होत नाही, बुलबुलतरंगावरही नाही. त्यात ती तार सगळ्यात जाड, तारेभोवती तार गुंडाळलेली, आणि रे या सरगमेतला घोडीच्या सगळ्यात जवळ दाबला जाणारा सूर. वाद्यात, डाव्या हातात किंवा उजव्या हातात कुठेही काही बिनसलं की ते पहिल्यांदा इथेच दिसतं. मी दोन वर्षं एकच दुखणं समजून एकच औषध देत होतो, ते म्हणजे “हळू वाजव, शंभरदा वाजव”. दुखणी तीन निघाली. जागा तेवढी एक होती.

आधी वाद्य

हे मी सगळ्यात शेवटी तपासलं, तुम्ही सगळ्यात आधी तपासा.

बँजोची घोडी, म्हणजे ब्रिज, चिकटवलेली नसते. तारांच्या ताणावर ती पडद्यावर नुसती उभी असते. कुठल्याही धक्क्याने सरकते. आणि धक्का न लागताही सरकते, हे मला उशिरा कळलं. तार चढवताना खुंटीच्या बाजूला ओढली जाते आणि घोडीचा माथा स्वतःबरोबर दांडीकडे ओढते. एकदा चढवली तर कळतही नाही. पण नागपूरच्या उन्हाळ्यात एकदा कोण चढवतं? नवतप्यात दुपारी खोली भट्टी झालेली असते. संध्याकाळी कूलर लावला की तासाभरात हवा इतकी ओली की पापड सादळतात. रात्री कूलर बंद, सकाळी परत कोरडं. दांडी लाकडाची, ती या सगळ्याला जाब देतेच. मी दिवसातून चार-पाचदा तारा लावत होतो, आणि प्रत्येक वेळी घोडी केसभर पुढे वाकत होती. त्यावर कळस म्हणजे बँजो ठेवायची जागा कूलरच्या थेट झोतात.

तपासणी दोन मिनिटांची आहे. आपल्या वाद्यावर बऱ्याच सुरांना एकाहून जास्त पत्ते आहेत, त्याचा फायदा घ्या. रे तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरही आहे आणि चौथीच्या सातव्यावरही. तारा जुळवून झाल्यावर दोन्ही रे एकामागून एक वाजवा. चौथीवरचा चढा वाटला तर घोडीवर संशय घ्या. मग बाराव्या फ्रेटवर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, घंटेसारखा सूर येईल. त्याच फ्रेटवर तार दाबून परत छेडा. दाबलेला सूर चढा असेल तर तार आखूड झाली आहे, घोडी दांडीपासून दूर, मागे सरकवायची. उतरलेला असेल तर पुढे.

माझ्याकडे मापलं तर घोडी चार मिलिमीटर पुढे आली होती. माझ्या बँजोत नटपासून, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, घोडीपर्यंत तार २६¼ इंच. तेवढ्या लांबीत चार मिलिमीटर म्हणजे ट्यूनरवर बाराव्या फ्रेटला साधारण १० सेंट आणि सातव्याला ५ सेंट चढं (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). पाच सेंट ऐकून तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतं? एकटा रे वाजवला तर खरंच काही होत नाही. पण मेलॉडिक ढंगात त्याच्या एका बाजूला मोकळा सा, दुसऱ्या बाजूला मोकळा ग, आणि दोन्ही झंकारत असतात. मध्ये सापडलेल्या रेला लपायला जागा नाही.

घोडी सरकवताना सगळ्या तारा एकदम ढिल्या करू नका, ती पडते. दोन तारा थोड्या उतरवा, दोन्ही हातांनी घोडीच्या पायांना धरून हळूच ढकला, परत जुळवा, परत तपासा. बाजूने पाहिलं तर तिची मागची पाठ पडद्याशी काटकोनात उभी दिसली पाहिजे. जाड तारांकडची बाजू अगदी थोडी मागे राहिली तर ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. नटच्या आणि घोडीच्या खाचांत मऊ पेन्सिलीचं टोक फिरवा. तार खाचेत घसरली की घोडीला ओढत नाही. आणि जागा एकदा पक्की झाली की पडद्यावर त्याच पेन्सिलीने पायांभोवती बारीक खूण करून ठेवा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं.

थोडं विषयांतर, पण पेटी किंवा तंबोऱ्यावर कान तयार झालेल्यांना लागेल असं. तुम्ही दुसरी तार ट्यूनरने लावता की कानाने? ट्यूनर पेटीचा ग देतो. तंबोऱ्याचा सा कानात असेल तर हात तो ग आपोआप सुमारे १४ सेंट उतरवतो, आणि तोच गोड लागतो. माझे पेटीचे गुरुजी यावर तासभर बोलायचे. बँजोवर यात एक मजा आहे: ध त्याच तारेवर पाचव्या फ्रेटला आहे, तोही तेवढाच उतरतो, आणि स्वयंभू ध जिथे असतो जवळपास तिथेच जाऊन बसतो. बरेच बँजोवाले दुसरी तार किंचित उतरती ठेवतात ते उगाच नाही. पण चाल पांढरी एकला सा धरून वाजवायची असेल तर सा याच तारेच्या पहिल्या फ्रेटवर येतो आणि तोच उतरतो. मग मुकाट्याने ट्यूनर ऐका.

डावा हात

घोडी जागेवर आल्यावरही माझा रे ट्यूनरवर दहा सेंट चढा दिसत होता. बोट हलकं ठेवलं की काटा मधोमध, नेहमीच्या जोशात दाबलं की वर. चौथी तार जोरात दाबली किंवा बाजूला ओढली की ती चढणारच. करंगळीने दाबत असाल तर जास्तच, कारण करंगळीला बळ नसतं म्हणून आपण सगळा पंजा तिच्यामागे लावतो. उपाय जुनाच आहे. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे ठेवा. मग दाब कमी करत करत जा, इतका की तार खरखरायला लागेल. त्याच्या रेघभर वर जेवढा दाब लागतो तेवढाच पुरे. सतार वाजवणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही, तो मींड ओढायलाच तार ओढतो. आपण नकळत ओढतो.

हे झालं चढ्या रेचं. तुटक्या रेचं कारण वेगळं, आणि ते शोधायला मला मोबाइलवर रेकॉर्डिंग करावं लागलं. सेकंदाला दोन सूर इतक्या संथ लयीत सरगम वाजवली आणि हेडफोन लावून ऐकली. सा वाजतो आणि टिकतो. रे वाजतो आणि ग यायच्या क्षणी, ग छेडण्याच्याही किंचित आधी, चिमटा घेतल्यासारखा मरतो. म वाजतो, प यायच्या आधी मरतो. ध ठीक. म्हणजे पुढचा सूर मोकळ्या तारेवरचा असला की मागचा दाबलेला सूर मरत होता. हात डोक्याला विचारत नव्हता. मोकळी तार म्हणजे डाव्या हाताला सुट्टी, असा त्याचा हिशेब. सुट्टी दिसली की बोटं उठत होती.

मेलॉडिक ढंगात सुट्टी नाही. ग वाजत असताना रेवरचं बोट तसंच राहतं, म पडेपर्यंत. प वाजत असताना मवरचं बोट तसंच. यासाठी मी सरगम बंद केली आणि पंधरा दिवस फक्त तीन सूर वाजवले: सा, रे, ग, आणि थांबायचं. थांबल्यावर रे आणि ग दोन्ही एकत्र ऐकू आले पाहिजेत. ते जवळजवळचे सूर आहेत, एकत्र वाजले की जरा खरखरीत लागतात, पहिल्यांदा चुकल्यासारखंच वाटतं. चुकलेलं नाही. बँजोचा सूर फार वेळ टिकत नाही, त्यामुळे चालीत गोंधळ होत नाही, फक्त एक चमक येते. ती चमक म्हणजेच हा ढंग.

दुसरं, बोटांची वाटणी. मी सुरुवातीला रे अनामिकेने, म तर्जनीने, ध मधल्या बोटाने आणि नी परत तर्जनीने घेत होतो. पुष्कळ जण असंच वाजवतात, आणि ज्यांचा हात तयार आहे त्यांना काही अडत नाही. माझी तर्जनी तिसऱ्या तारेच्या पाचव्यावरून पहिल्याच्या चौथ्यावर उडी मारायची, आणि त्या उडीची घाई तिला आधीपासूनच लागलेली असायची. म लवकर सुटायचा. मची घाई म्हणून रे लवकर सुटायचा. म्हणजे नीचं कर्ज रे फेडत होता. आता मी हात हलवतच नाही: रेला करंगळी, मला मधलं बोट, धला अनामिका, नीला तर्जनी. चौथ्या ते सातव्या फ्रेटवर पंजा एकदा ठेवला की आठही सूर त्याच जागी. करंगळी चौथ्या तारेपर्यंत पोचायला महिना लागला आणि त्या महिन्यात मनगट दुखलं. अंगठा दांडीच्या मागे, मधोमध आणला तेव्हा ते थांबलं. ज्यांची करंगळी आखूड आहे त्यांनी जबरदस्ती करू नये. अनामिका-तर्जनीची पहिली वाटणी ठेवा, फक्त ध वाजून घट्ट बसेपर्यंत मवरची तर्जनी उचलू नका.

दोष नेमका कुठे आहे हे कळत नसेल तर भूप वाजवा. खरंच. भूपात म आणि नी नाहीत, म्हणजे दाबायचे सूर दोनच, रे आणि ध. सा रे ग प ध सां, तर्जनी, अंगठा, तर्जनी, मधलं, तर्जनी, अंगठा. भूपात रे स्वच्छ आणि बिलावलात तुटका असेल तर चूक पुढच्या उडीत आहे. भूपातही तुटका असेल तर बोट लवकर उठतंय. भूपातही चढा असेल तर परत घोडीकडे जा, नाहीतर दाबाकडे. मला हे आधी सुचलं असतं तर एक पावसाळा वाचला असता.

उजवा हात, आणि सरळ सरगमेचा फसवा आत्मविश्वास

इथे येईपर्यंत सरगम छान झाली होती. काकूंनी तक्रार बंद केली. मग एक धावती चाल घेतली आणि तिसऱ्या मात्रेला रेवर धाडकन आपटलो. या वेळी रे बेसूरही नव्हता, तुटकाही नव्हता. अंगठा पोचलाच नव्हता.

सरळ चढताना-उतरताना बोटांची टक्कर कुठेच होत नाही, हे वर दिलंय. गुरुजींनी पेटीवर घोटून घेतलेला पहिला पलटा, सारेग रेगम गमप मपध पधनी धनीसां, हाही विनासायास जातो, एक बोट लागोपाठ दोनदा कुठेही येत नाही. म्हणून आपल्याला वाटतं, झालं, आली सरगम. एक सूर सोडून जाणारा पलटा घ्या: साग रेम गप मध पनी धसां. सा आणि ग दोन्हींना तर्जनी, ते कसंबसं निभतं; मग रेला अंगठा, लगेच मलाही अंगठा, आणि दोन्ही वेगवेगळ्या तारांवर. संथ लयीत अंगठा दोनदा धावून जातो. लय वाढली की तो पहिल्या उडीला उशीर करतो आणि रे गिळला जातो. मी वेग कमी करून हे “दुरुस्त” करत होतो. आठ दिवसांनी परत वेग वाढवला की परत तेच. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, आजार झाकणं म्हणतात.

दुरुस्ती म्हणजे बोट बदलणं. सा अंगठ्याने आणि ग तर्जनीने घ्या. रे अंगठ्याने घेतला तर म तर्जनीने घ्या, मग ग अंगठ्याने आणि प मधल्या बोटाने. अंगठा दुसऱ्या तारेवर जायला सुरुवातीला नाखूश असतो, पण स्क्रग्जच्या फेऱ्या ज्यांनी वाजवल्या आहेत त्यांचा अंगठा तिथे गेलेला असतोच. पुढे म अंगठा, ध तर्जनी, प मधलं. इथवर सुटतं.

मग पनी येतं आणि गंमत होते. प पहिल्या तारेवर, नी पण पहिल्या तारेवर. नियमच मोडला. इथे बोट बदलून भागत नाही, पत्ता बदलावा लागतो. नी दुसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरही आहे, तिथे घ्या. पण मग पुढचा ध दुसऱ्याच तारेवर पाचव्याला, परत एकाच तारेवर दोन. तर ध तिसऱ्या तारेच्या नवव्या फ्रेटवर घ्या. म्हणजे मोकळा प, दुसरीचा सातवा, तिसरीचा नववा, मोकळी पाचवी. हात एकदाच वर सरकला आणि पनी धसां झऱ्यासारखं वाहिलं. हे सापडलं ती संध्याकाळ मला आठवते. फुटाळ्यावर फिरायला जायचं ठरलं होतं, गेलो नाही.

यातून सरगम पाठ करण्याची माझी पद्धतच बदलली. पूर्वी मी शिडी पाठ केली होती, पायरीमागून पायरी. चाल शिडीने जात नाही, ती कुठूनही कुठेही उडी मारते. आता प्रत्येक सुराचे पत्ते पाठ करतो. सा तिसरी मोकळी किंवा चौथीचा पाचवा. रे चौथीचा सातवा किंवा तिसरीचा दुसरा. ग दुसरी मोकळी, तिसरीचा चौथा, चौथीचा नववा. म तिसरीचा पाचवा, दुसरीचा पहिला, चौथीचा दहावा. प पहिली मोकळी, दुसरीचा तिसरा, तिसरीचा सातवा, चौथीचा बारावा. ध दुसरीचा पाचवा, पहिलीचा दुसरा, तिसरीचा नववा. नी पहिलीचा चौथा, दुसरीचा सातवा, तिसरीचा अकरावा. रोज एक सूर घ्यायचा आणि बँजो मांडीवर नसतानाही त्याचे पत्ते सांगता आले पाहिजेत. मी हे बर्डीहून घरी येताना मेट्रोत करतो. ओठ हलतात, लोक बघतात.

थाट बदलला की काय होतं तेही थोडक्यात. खमाजासाठी नी पहिलीच्या चौथ्याऐवजी तिसऱ्यावर, बाकी सगळं तसंच, काही त्रास नाही. काफी मात्र भांडतो. कोमल ग लागला की मोकळी दुसरी तार बाद, आणि सगळी वीण उसवते. सोपा मार्ग म्हणजे दुसरी तारच अर्धा सूर उतरवून कोमल गला लावायची. मग ध पाचव्याऐवजी सहाव्या फ्रेटवर येतो आणि नी खमाजासारखाच. ही जुळणी बँजोवाले वापरतात, आपण काही पाप करत नाही. कान शुद्ध असेल तर थाट बदलताना दर वेळी तार लावायचा कंटाळा येईल एवढंच.

पाचव्या तारेबद्दल एक सांगायचं राहिलं. सां तिच्यावर येतो आणि अंगठा तिला सवयीने हाणतो, कारण स्क्रग्जच्या ढंगात तिचं काम मागे सतत टणटणत राहणं. इथे ती चालीतला सूर आहे. रेकॉर्डिंग ऐकाल तर सां बाकी सुरांच्या वर ओरडताना ऐकू येईल. प्लॅस्टिकची नखी थोडी मागे सरकवून टोक लहान ठेवल्यावर माझा सां जरा माणसात आला.

तर क्रम असा ठेवा: चढा असेल तर घोडी आणि दाब. तुटका असेल तर लवकर उठणारं बोट. सरळ सरगमेत बरा आणि चालीत गायब असेल तर अंगठ्याची टक्कर. लय वाढवायची की कमी करायची हा प्रश्न या तिन्हींनंतर येतो, आणि माझ्यापुरता तो बहुतेक वेळा आलाच नाही.

काल परत रे जरा चढा लागला. आधीचा मी असतो तर शंभरदा सारेग घोटलं असतं. काल दिव्याखाली पडदा तिरका धरून पाहिला, घोडीचा एक पाय पेन्सिलीच्या खुणेवर आणि दुसरा खुणेच्या पुढे. आठवड्यापूर्वी पहिली तार बदलली होती, तेव्हाच सरकली असणार. दोन तारा ढिल्या केल्या, पाय खुणेत बसवला, परत जुळवलं. चौथीचा रे, तिसरीचा रे, दोन्ही एक. मग पनी धसां.

“आज पुढचं वाजवून राहिला वाटते,” काकू म्हणाल्या.